टोन कोणता लावू?

नव्या मुंबईत लॅपटॉपवर संगीत करणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, आवाज तयार मिळतोय तर घ्यावा आणि गाणं करावं. दुसरा म्हणतो, दुसऱ्याने बनवलेल्या आवाजात आपलं गाणं कसलं करता? पहिल्या पंथाची गाणी हळदीत वाजतात. दुसऱ्या पंथाचं गाणं अजून व्हायचंय. सध्या आवाजाचं काम चालू आहे.

मी दोन्ही पंगतींना बसतो. सॉफ्टवेअर सिंथेसायझर उघडला की डाव्या बाजूला प्रीसेटची, म्हणजे तयार आवाजांची, यादी उलगडते, शेकड्यांनी, कधी हजारांनी. एखादी चाल सुचलेली असते म्हणून यादी उघडावी, तर एकेक आवाज वाजवून बघता बघता ती चालच विसरायला होते. त्यावर उपाय म्हणून ‘इनिट’ दाबायचं. मग समोर येते एक कोरी, कानाला चावणारी करवती लहर आणि भरपूर नॉब.

मी एकदा वाशीच्या खाडीपुलावरून जाणारी लोकल करायला बसलो. लहरीऐवजी नॉइज घेतला, फिल्टरचा कटऑफ खाली ओढून त्यातली सळसळ मारली, चाकांच्या ठेक्यासाठी एलएफओ, म्हणजे संथ झोके देणारी लहर, आवाजाच्या पातळीला जोडला, गाडी लांबून यावी म्हणून अटॅक वाढवला. रात्री उशिरा आतून प्रश्न आला, ‘आत्ता सोसायटीचा पंप कुणी लावला?’ म्हणजे आवाज जमला होता, पत्ता तेवढा वेगळा लागला.

तयार टोनवर राहण्याची सवय काही आजच्या पोरांची नाही. १९७८ साली प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर आला, त्यात चाळीस आवाज साठवता यायचे. त्याआधी बहुतेकांना नॉबच्या जागा कागदावर आखून ठेवाव्या लागत आणि कागद हरवला की आवाजही गेला. मग १९८३ साली यामाहाचा डीएक्स७ आला. स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांनी शोधलेलं एफएम तंत्र त्यात होतं. सहा ऑपरेटर, त्यांच्या जोडण्यांचे बत्तीस प्रकार, आणि हा सगळा संसार इवल्याशा पडद्यावर, एका वेळी एक आकडा बदलत चालवायचा. लोकांनी मान डोलावली आणि त्यातला तयार इलेक्ट्रिक पियानो लावला. ऐंशीच्या दशकातल्या प्रेमगीतांच्या डोळ्यांतलं निम्मं पाणी त्या एका टोनचं आहे. दुरुस्तीला आलेल्या डीएक्स७मध्ये कंपनीने भरलेले आवाज तसेच्या तसे सापडायचे, असं सांगतात. मला हे अगदी पटतं. घेतल्यापासून मायक्रोवेव्हमध्ये फक्त दूध गरम करणारी घरं आपण पाहिलेली आहेत.

पण खाडीपलीकडे, मुंबईत, चरणजित सिंग नावाचे एक वादक होते. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा माणूस. १९८२ साली त्यांनी डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग बसवून एक रेकॉर्ड काढली. हाताशी रोलँडची तीन यंत्रं: ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३. यातलं ३०३ हे गिटारवाल्यांना बेसची साथ मिळावी म्हणून काढलेलं. त्यात टोनची यादी नाही. नॉब फिरवा आणि काय निघतं ते ऐका. मात्र एका सुरावरून दुसऱ्या सुरावर त्याला घसरता येतं. राग वाजवणाऱ्याला आणखी काय हवं! रेकॉर्ड त्या वेळी चालली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले रसिक चक्रावले, कारण याच ३०३ने शिकागोत ‘अ‍ॅसिड हाउस’ म्हणून धुमाकूळ घातला तो पुढे, १९८७च्या सुमारास.

यंत्र कुठलंही असो, ऐकायचा असतो तो हात. म्हणून मला हळदीतला कीबोर्डवाला तुच्छ वाटत नाही. करावे असो की कोपरखैरणे, ‘दादा, शहनाई लावा’ म्हटलं की तो तोच टोन लावतो, जो शेजारच्या मांडवातही चालू असतो. पण त्याचा डावा हात बघा. पिचबेंडच्या चाकावर अंगठा असा काही फिरतो की ती प्लॅस्टिकची शहनाई नवरीच्या आत्याला रडवते. तो अंगठा कुठल्याच प्रीसेटमध्ये साठवलेला नसतो. यादीशी दिवसभर झुंजलेल्या माणसाने एकदा त्या अंगठ्याशेजारी उभं राहावं.

आमच्या बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात आर्टिस्ट व्हिलेज बांधलं. सात-सात घरं एका चौकाभोवती, आराखडा आयता. पण कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, म्हणजे ज्याला हवं त्याने आपलं घर वाढवावं. लोकांनी वाढवलंही. काहींनी इतकं की मूळ घर शोधावं लागतं. मला प्रीसेट असे आवडतात. टोन लावायचा, कटऑफ जरा खाली, रिलीज जरा लांब, आणि आपलं नाव देऊन सेव्ह. नाव देताना मात्र मी कुणाचं ऐकत नाही. परदेशी यंत्रांनी आपापल्या टोनना ‘युनिव्हर्स’, ‘फँटेजिया’ अशी नावं दिली. माझ्याकडे ‘पामबीच पहाट’ आहे, ‘जुईनगर पाऊस’ आहे आणि तो पंप ‘खाडीपूल’ नावाने आहे.

परवा आगरी-कोळी गाणी करणाऱ्या एका मित्राने तोच मागितला. पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन: ‘भारी आहे रे, गाण्याच्या सुरवातीलाच टाकलाय. एकही नॉब हलवला नाही.’