अढी

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं म्हणतात. माझा तो जन्म बारशाच्या दुसऱ्या दिवशी झाला. आईने आमटीला लाल मिरचीची फोडणी दिली आणि मला शिंक आली. एकच. पण तिच्यासोबत जे आलं, त्याला मी आवतण दिलं नव्हतं.

आईने एकदा माझ्याकडे, एकदा फरशीकडे पाहिलं आणि हिंगाची डबी बंद केली. "होतं असं. शिंकेआधी पायांची अढी घालावी."

तेव्हा उलगडा झाला. आमची मावशी विनोद ऐकताना मांडीवर मांडी टाकते, तो मी तिचा घरंदाजपणा समजत होते! डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, पोटाला पट्टा झाला. वारा आत जाऊ नये म्हणून कानात कापूससुद्धा झाला. पाणी बाहेर येऊ नये म्हणून काय, ते मात्र कुणी बोललं नाही.

बोलली ती फिजिओथेरपिस्ट. पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते, मूत्राशय आणि गर्भाशय तिच्या आधाराने राहतात. नऊ महिने ओझं, शिवाय बाळाचं डोकं बाहेर येताना बसलेला ताण, झोळी सैलावते. शिंकेचा दाब आला की वेळेवर आवळत नाही. बाळंतपणानंतर साधारण तिघींपैकी एकीचं असं होतं म्हणे. मग उरलेल्या दोघी माझ्या ओळखीच्या का नाहीत?

उपाय व्यायामाचा. चारचौघांत वारा सरू नये म्हणून जे आवळतो, तेच आवळायचं, ८-१० सेकंद धरायचं, सोडायचं. असं ८-१० वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी मध्येच अडवून सराव करायचा नाही. १९४८ साली डॉ. आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांनी यावर लिहिलं, म्हणून व्यायामाला त्यांचं नाव. गळती आमची, नाव त्यांचं, असो.

सुरुवातीला माझ्या फक्त भुवया आवळल्या जायच्या. नवरा घाबरून विचारायचा, "माझं काही चुकलं का?" दोन महिन्यांनी मात्र फोडणीला मी ताठ उभी राहिले. आईने ते पाहिलं, बोलली काही नाही.

परवा संध्याकाळी ती मालिका बघत बसली होती. पडद्यावर सून रडत होती आणि आईच्या भुवया कपाळात.

"आई, श्वास रोखायचा नाही."

"गप गं. सात झालेत माझे."