बंड करावं तर जुनं

17 सप्टेंबर आला की नांदेड-लातूरकडच्या शाळांत भाषणांना ऊत येतो. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजं सोडली, निजामाविरुद्धच्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी घेतली, अन्यायापुढं मान तुकवली नाही वगैरे. हे चालू असताना मागच्या रांगेतला कुणी नुसता हलला तरी पीटीचे सर डोळे वटारतात.

उडी घेतली हे मात्र खरं. लातुरात वकिली केलेला, निजामाची पाठराखण करणाऱ्या रझाकार संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी 1948 साली लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावायच्या गर्जना करत होता. रझाकारांनी गावं हैराण केली होती. निजाम सरकार भारताशी झुंजायला निघालं होतं आणि इथल्या रयतेला ती झुंज नको होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसनं 1947 मध्येच लढ्याची हाक दिली. पोरांनी दप्तरं टाकली, कुणी तुरुंगात गेलं, कुणी सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत. हाक देणारे स्वामी रामानंद तीर्थ मूळचे मास्तर! पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आज अशा मास्तरांचं काय झालं असतं, विचारू नका. भारतीय फौजांशी लढाई 13 सप्टेंबर 1948 ला जुंपली आणि पाचव्या दिवशी निजामानं हात टेकले.

त्याच्या दहा वर्षं आधी, 1938 साली, वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठानं पोरं काढून टाकली होती. नागपूर विद्यापीठानं त्यांना घेतलं. काढलेल्यांत एक होते पी. व्ही. नरसिंह राव.

17 सप्टेंबर 1994 ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विद्यापीठ झालं, तेव्हा पंतप्रधान हेच राव. योग मोठा छान होता. पण त्याच 1994 च्या विद्यापीठ कायद्यानं महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गुंडाळल्या. ज्याचे मार्क जास्त, तो प्रतिनिधी. म्हणजे पोरांची गाऱ्हाणी मांडणार कोण, तर ज्याचं स्वतःचं गाऱ्हाणं एकच, की वाचनालय रात्री लवकर बंद होतं.

2016 च्या कायद्यानं खुल्या निवडणुका परत आणल्या. 2019 ला वेळापत्रकही निघालं आणि लगेच पुढं ढकललं गेलं, कारण विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. त्या निवडणुकांत झेंडे नाचवायला आणि सतरंज्या उचलायला पोरं मात्र कॉलेजातलीच लागली.