खाण्याचे नसलेले पदार्थ

आमच्या स्टॉलवरच्या कुठल्याच पदार्थाला चव नाही. तशी पाटीही लावलेली असते, 'हे पदार्थ खाण्याचे नाहीत'. तरी समोर आलेला माणूस दोन मिनिटांत असा चेहरा करतो, की आमटीत गूळ कमी पडला असावा. मागच्या प्रदर्शनात एका आजींनी नाण्याएवढं ताट उचललं, चष्मा कपाळावर चढवला, ताट डोळ्यांशी नेलं आणि विचारलं, "मीठ कुठाय?"

"आहे ना आजी. लिंबाच्या फोडीपलीकडे."

"तिथं कशाला? मीठ वर मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. पान मांडायला कुणी शिकवलं नाही वाटतं घरात." एवढं बोलून, ताट होतं तिथं ठेवून, त्या शेजारच्या कुरडयांच्या स्टॉलकडे वळल्या.

हा उद्योग सुरू झाला तो नातीच्या विसरभोळेपणामुळे. सुट्टीत तिने पॉलिमर क्लेच्या चार रंगीत वड्या आणल्या आणि सुट्टी संपल्यावर त्या इथेच टाकून ती गेली. मी नोकरीभर लोकांचे हिशेब तपासले. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नव्हतं. बोटांना चाळा म्हणून एक वडी मळायला घेतली आणि तिचा मोदक झाला. मोदक बघून बायको म्हणाली, "कळ्या कुठायत? ही तर कांद्याची भजी झाली." त्या दिवसापासून ती आमची तपासणीस आहे.

ही क्ले म्हणजे पीव्हीसीची पूड, तिला मऊ ठेवणारा एक तेलकट द्रव आणि रंग. तोच पीव्हीसी, ज्याचे नळाचे पाइप होतात. ती हवेवर वाळत नाही, म्हणून शाडूसारखी ओल्या फडक्याखाली झाकायला नको. अर्धवट करंजी टेबलावर आठवडाभर मुकाट्याने वाट बघते. पक्की व्हायला तिला भट्टी लागते, साधारण 110 ते 130 अंश सेल्सिअस. कोणत्या कंपनीची आहे आणि जाडी किती, त्यावर पंधरा मिनिटं की अर्धा तास ते ठरतं. कमी भाजली तर नखाएवढ्या पुरीचे तुकडे पडतात. फार तापली तर करपते आणि नाकाडोळ्यांना झोंबणारा वाईट धूर सोडते. हे ऐकल्याबरोबर घरात पहिला वटहुकूम निघाला, "माझ्या ओव्हनमध्ये तुमचं प्लॅस्टिक शिजणार नाही." हुकूम रास्तच होता. जुना ओटीजी गॅलरीत गेला, त्यात वेगळा थर्मामीटर टांगला. बटणावरचे 120 अंश आणि आतले 120 अंश यांची भेट क्वचितच होते, हे हिशेबनिसाच्या चटकन लक्षात आलं.

या मालाचा पूर्वेतिहास मला फार आवडतो. जर्मनीत केथे क्रूझ नावाच्या नामांकित बाहुल्या करणाऱ्या बाई होत्या. त्यांच्याकडे असला एक पदार्थ आला तो बाहुल्यांची डोकी करता येतील का ते बघायला. त्या कामाला तो उतरला नाही. त्यांची मुलगी सोफी मात्र त्याच्याशी खेळत बसली, आणि त्यातून जे निघालं ते 1964 साली एबरहार्ड फाबर कंपनीने घेतलं. तेच आजचं फिमो. तिकडे अमेरिकेत स्कल्पी तयार झाली ती म्हणे ट्रान्सफॉर्मरमधली उष्णता वाहून न्यायला. तिथेही नापास. म्हणजे दोन खंडांत नेमून दिलेल्या कामाला निरुपयोगी ठरल्यावर हा पदार्थ रिकाम्या हातांमध्ये पडला आणि तिथं नावारूपाला आला. निवृत्त माणसाला याच्याबद्दल आपुलकी वाटली तर नवल नाही.

आता खरी गोष्ट अशी की मला स्वयंपाक येत नाही. चहा येतो, तोही साखर विचारून. पण एवढीशी अळूवडी मी बऱ्यापैकी करतो. गडद हिरव्या क्लेची पातळ पोळी लाटायची (त्यासाठी शेवया-पास्त्याचं हाताने फिरवायचं यंत्र आणलं आहे), तिच्यावर बेसनी पिवळ्याची दुसरी पोळी आणि दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी. इथवर घरोघरी होतं तेच. पुढे गंमत. अंगठ्याएवढा जाड उंडा चारी बाजूंनी हळूहळू दाबत, ओढत, वळत जायचा. तो पेन्सिलीएवढा होतो, मग काडीएवढा, आणि आतले वेढे तसेच्या तसे बारीक होत जातात. काडी थंड करून धारदार पात्याने चकत्या पाडल्या की प्रत्येक चकतीत तीच अळूवडी. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरचे कारागीर तापलेल्या काचेच्या कांड्या ओढून, कापून अशीच फुलं काढत आले आहेत. क्लेवाल्यांनी ती युक्ती तिथून उचलली. आमच्या तपासणीस बाईंना मुरानोचं कौतुक नव्हतं. त्यांनी भिंग लावून वेढे मोजले आणि म्हणाल्या, "वरून तीळ नाहीत."

पुरणपोळी त्याहून अवघड. फिकट पिवळी चकती लाटायला वेळ लागत नाही, पण ती तव्यावरून उतरलेली दिसायला हवी. त्यासाठी खडूसारख्या कोरड्या पेस्टलची तपकिरी पूड खरवडून ठेवलेली असते. जुन्या मऊ ब्रशने ती कडेला जरा जास्त आणि मध्ये ठिपक्याठिपक्यांनी लावायची. सगळीकडे सारखी लावली तर पोळी रंगवलेली दिसते. कुठे सुटली, कुठे लागली, तर भाजलेली. मऊपणा दाखवायला चारपदरी घडी घालायची. तुपासाठी द्रव क्लेचा एक थेंब. भाताला जुना टूथब्रश टोचून टोचून शितं उठवायची.

यात सगळ्यात मोठा शत्रू धूळ. पांढरी क्ले इतकी चिकट की सदऱ्याचा एक धागा उडाला तर तो भातात जाऊन बसतो, आणि भातातला केस छोटा असो की मोठा, बघणाऱ्याला एकसारखाच किळसवाणा वाटतो. लाल रंग हाताला लागला की पुढच्या तीन पदार्थांना लागतो. त्यामुळे आमच्याकडे कडक सोवळं आहे. आधी भात, मग दही-कोशिंबीर, मग वरण, भाज्या आणि सगळ्यात शेवटी तांबडा रस्सा. प्रत्येक पायरीला हात पुसायचे. आयुष्यात देवघरात पाळलं नाही इतकं सोवळं मी फ्रिजच्या मॅग्नेटसाठी पाळतो, असं बायको आल्यागेल्याला सांगते.

प्रदर्शनात टेबलामागे आम्ही दोघं बसतो आणि कौतुक ठरलेल्या जागी जातं. "वहिनी, काय हात आहे हो तुमचा!" ती सुरुवातीला माझ्याकडे बोट दाखवायची. लोक हसायचे, त्यांना तो विनोद वाटायचा. आता ती सरळ "थँक्यू" म्हणते आणि मी सुट्टे पैसे मोजतो.

पण खरी करमणूक प्रांतांची. मिसळीचा मॅग्नेट ठेवला तर कोल्हापूरचा माणूस म्हणतो, कट कुठाय. पुण्याचा म्हणतो, यात पोहे दिसत नाहीत. नागपूरकर पोह्यांच्या बशीपाशी थांबून तर्रीची चौकशी करतात. मोदक तळणीचा ठेवला तर कोकणातल्या बाई त्याच्याकडे पाहतही नाहीत, आणि उकडीचा ठेवला तर घाटावरचे म्हणतात, आमच्याकडे तळणीचे असतात. खानदेशातल्या एका काकांनी शेवभाजीची वाटी नुसती रंगावरून ओळखली आणि भाव न करता दोन घेतल्या. तेवढा एकच भाव न करणारा माणूस मला आठवतो.

बाकीचे भाव करतात, आणि आमच्या धंद्यात भाव करण्याचीही एक ठरावीक पद्धत आहे. झुमक्यांच्या स्टॉलवर लोक शेजारच्या झुमक्यांशी तुलना करतात. आमच्याकडे तुलना थेट हॉटेलशी. "एवढ्याशा मिसळीचे दोनशे? खरी मिसळ शंभरात मिळते, वर पाव." यावर काय बोलणार? मी हिशेबातला माणूस, माझ्याकडे उत्तर तयार असायला हवं. क्ले परदेशातून येते, दोन औंसांची वडी जपून वापरावी लागते, लोहचुंबक, डबी, वीज, स्टॉलचं भाडं हे सगळं मी वहीत मांडलं आहे. फक्त मजुरीचा रकाना भरला की बेरीज अशी येते, की त्या भावात गिऱ्हाइकाने खरंच हॉटेलात जावं. म्हणून तो रकाना कोरा ठेवतो. असा ताळेबंद दुसऱ्या कुणी पुढ्यात ठेवला असता तर मी लाल शाईने शेरा मारला असता.

तरी या तुलनेचा मला मनातून आनंद होतो, हे बायकोलाही सांगितलेलं नाही. कुणी 'प्लॅस्टिकच्या तुकड्याचे दोनशे' म्हणत नाही. 'मिसळीचे दोनशे' म्हणतात. नाक मुरडणारा माणूससुद्धा ती मिसळ आहे हे आधी मान्य करून मग नाक मुरडतो. मीठ चुकीच्या जागी आहे म्हणणाऱ्या आजींनी ते पान मानलं, म्हणून तर त्यांना राग आला. खोट्या पदार्थाला खऱ्याचे सगळे नियम लावायचे आणि तो त्यात नापास झाला की मनापासून हळहळायचं, यापेक्षा मोठी दाद कुठल्या कारागिराला मिळते ते मला माहीत नाही.

वर्षाचं चक्र आता पाठ झालं आहे. गणपतीच्या आधी मोदक आणि केळीच्या पानावरचा नैवेद्य. दिवाळीला फराळाचं ताट. त्यात चकलीचे काटे दाखवणं म्हणजे सुईने डोळे फोडून घेणं. संक्रांतीला मात्र फोन येतात ते वेगळेच. "काका, हळदीकुंकवाला वाण लुटायचंय. साठ नग, तिळगुळाची वाटी, वीस रुपयांत बसवा ना." साठ वाट्या, प्रत्येकीत हलव्याचे दाणे, आणि दाण्यांना काटा! खरा हलवा करणाऱ्या बायका मंद आचेवर तासन्‌तास पाक घालत बसतात, तेव्हा कुठे काटा येतो. त्यांच्याबद्दल माझा आदर त्या फोननंतर फार वाढला.

मे-जूनमध्ये परदेशी जाणारी मंडळी येतात. मुलाकडे अमेरिकेला चाललेल्या एक बाई म्हणाल्या, "खरं लोणचं नेलं की बॅगेत तेल गळतं. हे बरं." त्यांनी लोणच्याची बरणी, पापड आणि थालीपीठ घेतलं. थालीपिठाला मध्ये भोक होतं, कडेला चार होती. आमच्या तपासणीस बाईंनी ते आधीच मंजूर केलं होतं. नात तिकडून फोटो पाठवते आणि कळवते, की तिच्या मैत्रिणी विचारतात, हे खाता येतं का. तिच्या फ्रिजवर पिठलं-भाकरी आहे आणि फ्रिजमध्ये चीज.

भातुकलीवाले आमचे खरे जाणकार. घरी पितळेची जुनी भातुकली असलेली माणसं बंब, चूल, पाटा-वरवंटा, घंगाळ, सगळं पिशवीतून घेऊन येतात आणि "यात बसेल असं काहीतरी करा" म्हणतात. माप त्यांचं, पदार्थ त्यांचा. गिऱ्हाईक म्हणून ही मंडळी सगळ्यात अवघड. बाकीच्यांना पुरणपोळी हवी असते, यांना त्यांच्या घरची.

अशाच एक सोलापूरच्या बाई सध्या माझ्या मानेवर बसल्या आहेत. परातीच्या मापाने ज्वारीची भाकरी हवी, तव्यावरून नुकती उतरलेली, पापुद्रा सुटलेला आणि एका कडेला जरा फाटलेला, म्हणजे आतली वाफ दिसते. पांढऱ्यात थोडी करडी आणि चिमूटभर अर्धपारदर्शक क्ले मिसळून रंग जमला. पापुद्र्यासाठी यंत्राच्या सगळ्यात बारीक खाचेतून पत्रा काढला, त्याखाली ॲल्युमिनियमच्या फॉइलची गोळी ठेवून भाजला, गोळी काढून घेतली. फुगवटा आला. पण भाकरी बघून बायको म्हणाली, "ही पुरी फुगते तशी फुगलीय. भाकरीचा पापुद्रा एका बाजूनेच उचलतो. कधी बघितलीत का शेगडीपाशी उभं राहून?"

नव्हती बघितली. म्हणून रोज सकाळी मी ओट्यापाशी भिंग घेऊन उभा असतो आणि ती भाकऱ्या थापते. कालपासून थापायलाही माझ्या हातात देते, कारण नुसतं बघून कळत नाही असं तिचं मत आहे. पहिलीचे तव्यावर टाकतानाच दोन भाग झाले. सोलापूरचा फोन येऊन गेला, किंमत काय म्हणून. मी आकडा सांगणार होतो, पण स्वयंपाकघरातून आवाज आला, "आधी पापुद्रा सुटू दे म्हणावं."