सांगली किती लांब?

ती. आबा आणि ती. आई,

डिसेंबरची तिकिटं काढली. ‘एकूण किती तास लागतात?’ असं आबांनी फोनवर विचारलं आणि इथे घरात चौघांची चार उत्तरं निघाली. तेवढ्यात फोन कट झाला, ते बरंच झालं. आता सविस्तर लिहितो.

धाकटीने पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघितला. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साडेतेरा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे पृथ्वीच्या घेराचा तिसरा हिस्सा. गंमत म्हणजे दोरा युरोपकडे फिरकलाच नाही. सैबेरिया ओलांडून थेट ध्रुवाकडच्या बर्फाळ समुद्रावर चढला आणि अलास्कातून खाली उतरला. आबा, तुमच्या खोलीतला भिंतीवरचा नकाशा काढून टाका, तो माणसाला भलतीकडे नेतो. अर्थात दोऱ्याला परवानगी लागत नाही. अमेरिकी विमानांना 2022 पासून रशियाचं आकाश बंद आहे, त्यांना वळसाच घालावा लागतो.

वळसा आम्हालाही आहे, पण तो पैशांसाठी. आपलं तिकीट दुबईवरून आहे, त्यामुळे अंतर पंधरा हजारांच्या आसपास जातं. दीड हजार किलोमीटर जास्त जायचं आणि भाडं कमी द्यायचं, हा हिशेब एकदा सांगलीच्या रिक्षावाल्याला समजावून बघा.

आता घड्याळ. दुबईपर्यंत सोळा तास, पुढे मुंबई तीन तास. पण हिवाळ्यात दुबई आणि कॅलिफोर्नियात बरोबर बारा तासांचा फरक असतो. दुबईहून सकाळी नऊला सुटलेलं विमान सोळा तास उडून त्याच दिवशी दुपारी एकला इथे टेकतं! घड्याळावर विश्वास ठेवला, तर दुबई-अमेरिका चार तास. आपल्या एसटीला पुण्याला जायला याहून जास्त लागतात.

आई, इथे यायचं ठरवशील तेव्हा शनिवारी मात्र निघू नकोस. हिवाळ्यात भारत आमच्या साडेतेरा तास पुढे, त्यामुळे तुझा शनिवार साडेसदतीस तासांचा होईल आणि तेवढाच उपास. परतताना शनिवारी निघ, साडेदहा तासांत सुटका. मारुतीला चालेल का, ते गुरुजींना विचार.

खरा प्रवास मुंबईत उतरल्यावर सुरू होतो. विमान तासाला नऊशे किलोमीटर जातं, आणि मग पावणेचारशे किलोमीटरच्या सांगलीला आठ तास! बोरघाटात ट्रकच्या मागे, खंबाटकीत पुन्हा ट्रकच्या मागे. पेठ नाक्याला वळलो की मुलं विचारणार, ‘अजून किती?’ हा प्रश्न ती विमानात विचारणार नाहीत, कारण तिथे सिनेमे असतील. दुबईतलं ताटकळणं, सामानाच्या पट्ट्यापाशी उभं राहणं, सगळं धरून दारापासून दारापर्यंत दीड दिवस. आबा, हेच खरं उत्तर.

एक विनंती. न्यायला क्रूझर गाडी भरून येऊ नका. आम्ही चौघं, माणशी दोन म्हणजे आठ बॅगा. त्यात पाच नातेवाईक आले तर परत जाताना बसायचं कुठे? ड्रायव्हर आणि फार तर तुम्ही, एवढेच या. काकांना हे तुम्हीच सांगा, माझी हिंमत नाही.

तुमचा,
थोरला