काळ्यावर पांढरं येतं का?

सोलापुरात टी-शर्ट छापून घ्यायला निमित्त लागत नाही. जानेवारीत गड्ड्याची जत्रा, फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये भीमजयंती, गणपतीत लेझीम, आणि मधले महिने ओस पडू नयेत म्हणून कुठल्या ना कुठल्या भाऊंचा वाढदिवस. त्यातूनही जो सुटतो, तो मोटारसायकलच्या टाकीवर रेडियम लावून घेतो. हे सगळं हेरून माझ्या मेहुण्यानं नोकरी सोडली आणि टी-शर्ट व रेडियमचा धंदा काढायचं ठरवलं. अक्कल त्याची, भांडवल माझं. हा करार त्याच्या बहिणीनं केला. मला नंतर कळवण्यात आलं.

घोडं अडलं ते प्रिंटरपाशी. पहिला प्रिंटर कोणता घ्यावा, याला गावात तोंडं तितकी उत्तरं. फ्लेक्सवाला म्हणाला, इको-सॉल्व्हेंट घ्या, स्टिकर छापतो आणि कापूनही देतो. मगवर नवराबायकोचे फोटो छापणारा म्हणाला, सब्लिमेशनशिवाय मजा नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यानं तर कपाटावरून एक जुना एप्सन एल १८०० खालीच काढला. "ह्याच्या सहा रंगांतल्या दोन जागी पांढरी शाई भरतो, झालं डीटीएफ!" वॉरंटीचं विचारलं तेव्हा तो पंख्याकडे बघू लागला.

"दाजी," मेहुणा शेवटी म्हणाला, "टी-शर्ट जिथं जन्माला येतो तिथंच जाऊन बघू की."

म्हणजे तिरुपूर. कुर्ल्याहून कोइमतूरला जाणारी एक्सप्रेस सोलापूरवरूनच जाते, त्यामुळे मला सबब सापडली नाही. बायकोनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली. कडक भाकरी मोडली की आवाज शेजारच्या कुप्यात जातो. तिकडची माणसं डोकावतात, चटणीचा वास घेतात आणि बसतात. आमचं तसंच झालं. कलबुर्गी यायच्या आत डब्यातल्या अर्ध्या लोकांना कळलं होतं, की हे दोघं प्रिंटर घ्यायला निघालेत आणि यांना त्यातलं काही कळत नाही.

मेहुण्याला मात्र सगळं कळत होतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यानं जे ज्ञान मिळवलं होतं, ते तो शहाबादच्या एका फरशीवाल्याला देत होता. "सब्लिमेशनची शाई २०० अंशांच्या आसपास तापली की तिची थेट वाफ होते, काका. ती वाफ पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. नखानं खरवडा, निघणार नाही."

"आणि सुती कापडावर?"

"सुतात नाही शिरत."

"काळ्या कापडावर?"

"काळ्यावर काय दिसणार? पांढरी शाईच नसते तिच्यात."

"मग उपयोग काय?" असं म्हणून काका उतरले. मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. आमची पहिली ऑर्डर ठरल्यात जमा होती: लेझीम पथकाचे टी-शर्ट, काळे, सुती, पुढं पांढरी अक्षरं, मागं प्रत्येकाचं नाव. वस्तादांनी रंगाच्या बाबतीत एक इंच मागं हटणार नाही असं सांगितलं होतं. तेव्हा फोटो, वॉरंटी, हप्ते हे सगळं बाजूला ठेवून आम्ही दुकानादुकानात एकच प्रश्न विचारायचा ठरवला. काळ्यावर पांढरं येतं का?

कृष्णा गेली, तुंगभद्रा गेली, गुंतकलला घामानं अंगातला टी-शर्ट आपोआप छापला गेला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिरुपूरला उतरलो. स्टेशनपासून जवळच कुमारनचं स्मारक आहे. मिरवणुकीत लाठ्या पडत असताना हातातला झेंडा न सोडणारा हा तरुण ११ जानेवारी १९३२ ला गेला. आमच्या सोलापूरचे चार हुतात्मे फासावर गेले ते १२ जानेवारी १९३१ ला. दोन कापडगावं, आणि एका वर्षाला एकच दिवस कमी. मेहुणा थोडा वेळ गप्प उभा राहिला. मग म्हणाला, "दाजी, ह्याचं डिझाइन..." मी नुसतं बघितलं. "बरं, राहू दे," म्हणाला.

तिरुपुरात तुम्ही कुठंही उभे राहा, बनियन दिसतेच. खादरपेटच्या गल्ल्यांत तर टी-शर्टचे ढीग दाराबाहेर आलेले, आणि प्रत्येक ढिगावर बसलेला माणूस तुम्हाला "वन एटी जीएसएम, बायोवॉश" असं म्हणून कापड चिमटीत द्यायला तयार. भाषेची मला धास्ती होती. पण मेहुणा वाढला सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या शेजारी. तेलुगू त्याला मराठीइतकंच येतं, आणि शिव्या जास्त. तिरुपूरकडंही घरी तेलुगू बोलणारी माणसं बरीच आहेत, हे त्यानं तिसऱ्या ढिगापाशी शोधून काढलं. तिथून पुढं भाव मला न कळणाऱ्या भाषेत कमी होत गेले.

पहिल्या कारखान्यात प्रिंटर नव्हताच. लांबच लांब टेबलं, त्यांवर ओळीनं चिकटवलेली टी-शर्टची पुढची पाखं, आणि हातात लाकडी चौकट घेतलेला पोरगा. चौकट टेकवायची, रबरी पट्टीनं शाई ओढायची, उचलायची, पुढं. मान वर नाही. टेबलाच्या टोकाला पोचून तो परत आला, की दुसऱ्या रंगाची चौकट. पांढरं? काळ्यावर खडूनं लिहावं इतकं लख्ख! मालक मात्र प्रामाणिक निघाला. एका डिझाइनचे पाचशे असतील तर या, म्हणाला. पाठीवर पन्नास नावं म्हणजे पन्नास चौकटी. तेवढ्या चौकटी करून हातात काय राहील, हे त्यानं बोटांनी शून्य काढून दाखवलं.

दुसरीकडं डीटीजी होतं, टी-शर्टवर थेट छापणारं. गडद कापडावर आधी एक द्रव फवारून ते दाबून वाळवायचं, मग छापायचं. काम देखणं. किंमत ऐकून आम्ही कॉफी तेवढी प्यालो.

खरी मोहिनी पडली ती डीटीएफची. यंत्र फिल्मवर आधी रंग छापतं आणि त्यावर पांढरी शाई. मग ओल्या शाईवर गोंदाची भुकटी पडते, फिल्म थरथरते, जादा भुकटी झडते आणि फिल्म भट्टीतून बाहेर येते. पोरानं काळा टी-शर्ट प्रेसवर अंथरला, फिल्म उलटी ठेवली, १६० अंश, १५ सेकंद. प्रेसचं झाकण उघडलं. मेहुण्यानं लगेच हात घातला, तो पोरानं हाणून पाडला. आधी गार होऊ द्या. मग कोपरा धरून त्यानं फिल्म सावकाश ओढली आणि काळ्यावर पांढरं आलं. कड बारीक, बोट फिरवलं तर किंचित रबरी. मेहुण्यानं माझ्याकडं असं बघितलं, की माझा हात आपोआप खिशावर गेला.

वाचवलं ते दुकानाच्या मालकानं. त्यानं विचारलं, "दिवाळीत गावाला जाता?"

"जातो की. बहिणीकडं."

"मग घेऊ नका."

पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि ते जड. शाई बसून राहिली की ते तळाला जातं आणि नोझल तुंबतात. यंत्र रोज चालवायचं, ऑर्डर असो नसो. हवा कोरडी असेल तर आणखी घाई. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो आणि माणसाच्या तोंडची थुंकी वाळते, हे मेहुण्यानं तेलुगूत सांगितलं असावं, कारण मालकानं दोन्ही हात जोडले. मग त्यानंच तोड काढली. फिल्म मी मीटरवर छापून देतो, कुरियरनं पाठवतो; नावंसुद्धा एकाच फिल्मवर शेजारी शेजारी बसवा, कापा, चिकटवा. तुम्ही फक्त हीट प्रेस घ्या. आणि रेडियमसाठी कटर.

मला हा सल्ला इतका आवडला, की मी मालकाला उरलेली शेंगा चटणी देऊन टाकली. तुंबलेलं हेड हे ज्याचं त्याच्या दुकानात राहणार, यापेक्षा स्वस्त सुख कोणतं? मेहुणा मात्र हिरमुसला. प्रिंटर आणायला येऊन प्रिंटर न नेणं त्याला अपमानाचं वाटत होतं. कटर नुसता कापतो. पाती असलेलं डोकं व्हिनाइलवर फिरतं, नको तो भाग आपण चिमट्यानं सोलून काढायचा, उरलेलं वर टेप दाबून उचलायचं आणि गाडीवर लावायचं. शाई नाही, पांढरं नाही, काही नाही.

त्याचा रुसवा काढला तो देवनागरीनं. कटरच्या दुकानात नमुना म्हणून त्यानं 'सोलापूर' लिहून दिलं. ऑपरेटर आयुष्यभर तमिळ कापत आलेला. त्या लिपीत शिरोरेषा नाही. त्यानं बटण दाबलं. व्हिनाइल सोललं तर 'सो' वेगळा, 'ला' वेगळा, आणि प्रत्येक सांध्यावर शिरोरेषा कापलेली. फॉन्टमध्ये अक्षरांच्या रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. कागदावर ते दिसत नाही, पात्याला मात्र सगळं दिसतं. ऑपरेटरनं पातं बदललं, दाब बदलला, यंत्राला दोन चापट्या दिल्या. मेहुण्यानं त्याला खुर्चीवरून उठवलं, कोरलड्रॉमध्ये सगळी अक्षरं निवडली, वेल्ड केली आणि पुन्हा कापायला सोडलं. या खेपेस 'सोलापूर' एका तुकड्यात, रेषेसकट उचललं गेलं. दुकानातली चार माणसं बघायला आली. ऑपरेटरनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. मेहुण्यानं दोन फुटी कटर तिथंच घेतला, आणि कौतुकाच्या भरात मलाही किमतीचं फारसं काही वाटलं नाही.

हीट प्रेस ट्रान्सपोर्टनं पाठवला. कटरचं खोकं गाडीत आमच्याबरोबर, आडवं, मधल्या वाटेत पाय काढून. येणारा-जाणारा अडखळायचा आणि मेहुणा त्याला "प्रिंटर आहे, जपून" म्हणायचा. मी दुरुस्त करायचं सोडून दिलं.

धर्मपुरीच्या आसपास वस्तादांचा लोगो व्हॉट्सॲपवर आला. मांडवाबाहेरच्या फ्लेक्सचा, संध्याकाळी, तिरका काढलेला फोटो. अर्ध्या लोगोपुढं एक म्हैस उभी. खाली लिहिलेलं: 'हाय क्वालिटीमध्ये पाहिजे.' मेहुण्यानं दीर्घ श्वास घेतला आणि कोरलड्रॉची मूळ फाइल मागवायला टाइप केलं: 'वस्ताद, हे चालत नाही. सीडीआर पाठवा.'

बराच वेळ नुसत्या दोन निळ्या खुणा. मग उत्तर आलं:

'सीडी आता कोण वापरतंय? पेनड्राइव्ह देतो. पण म्हैस काढून टाक.'