शनिवार-रविवारचा कुलमुखत्यार

वडिलांच्या राहत्या घराचे कागद बँकेत तारण ठेवून शैक्षणिक कर्जाच्या बळावर जर्मनीत उतरलेला, आणि म्युनिकच्या एखाद्या मोटारीच्या किंवा यंत्रसामग्रीच्या कारखान्यात सहा महिन्यांच्या उमेदवारीवर रुजू झालेला मराठी विद्यार्थी सोमवार ते शुक्रवार या काळात कोणाच्या नजरेत भरावा असा मुळीच नसतो. तो वेळेवर येतो, संगणकासमोर मान खाली घालून बसतो, बाराच्या सुमारास जाणारा-येणारा प्रत्येक जण 'माल्त्साइट' म्हणतो म्हणून आपणही 'माल्त्साइट' म्हणतो, आणि साहेबाने काही विचारलेच तर आधी होकारार्थी मान हलवून प्रश्नाचा अर्थ मागाहून शोधतो. परंतु शुक्रवारी दुपारी अडीच-तीनच्या सुमारास जर्मन मंडळी आपापली दप्तरे आवरू लागली, की या विनम्र जीवाच्या अंगात एकाएकी सेनापतीचा संचार होतो. त्याची खरी नोकरी आता सुरू व्हायची असते.

मोहिमेचा तक्ता गुरुवारी रात्रीच सिद्ध झालेला असतो. त्यात स्थळ, प्रस्थान, आगमन, दर्शनास लागणारा अवधी, युरोतील खर्च, त्याच खर्चाचे रुपये आणि अखेरीस 'शेरा' असे रकाने असतात. पेशवे दप्तरातल्या एखाद्या कारकुनाने तो पाहिला असता, तर आपल्या विद्येचा वंश खुंटला नाही याचे त्याला समाधान वाटले असते. रुपयांचा रकाना हा तर आमच्या नायकाच्या वृत्तीचा स्थायीभाव होय. कॉफीचा पेला पुढे आला की त्याला फेस दिसत नाही, तीनचारशे रुपये दिसतात. पाण्याची बाटली विकत घेण्याचा प्रसंग ओढवलाच, तर तिच्यावरची पंचवीस सेंटांची अनामत दुकानातल्या यंत्रातून वसूल होईपर्यंत ती रिकामी बाटली तो जिवापाड जपतो, आणि सोबत्यांपैकी कोणी आपली बाटली बेफिकिरीने बाकावर सोडलीच, तर तिची बेवारस म्हणून स्वतःच्या झोळीत नोंद करून घेतो.

या साऱ्या मोहिमेचा आधार म्हणजे बायर्न तिकीट. जर्मनीभर चालणारा मासिक पासही मिळतो, पण त्याची एकरकमी रक्कम पाहून स्वारी दचकते. बायर्न तिकीट शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून दुसऱ्या पहाटेच्या तीनपर्यंत बव्हेरियाच्या सर्व प्रादेशिक गाड्यांत चालते. त्यावर एकापासून पाचांपर्यंत माणसे प्रवास करू शकतात, आणि माणसागणिक मूळ रकमेत थोडीच भर पडत असल्यामुळे माणसे जितकी अधिक तितका दरडोई हिस्सा उतरतो. या एका कलमाने त्याचे सारे समाजजीवन घडवले आहे. चौघे जमले की तो अस्वस्थ होतो. पाचव्याच्या शोधार्थ वसतिगृहाचे मजले पालथे घालतो, आणि कुकर न घासता ठेवण्याच्या कारणावरून ज्याच्याशी संभाषण बंद असते, त्या शेजाऱ्याशीही गुरुवारी रात्री सन्मानपूर्वक तह करतो. हैदराबादचा एक, इंदूरची एक, कोल्हापूरचा एक, गाडीत बसताच निद्राधीन होणारा हा शेजारी आणि आमचे सेनापती, अशी ही पंचायत शनिवारी पहाटे मुख्य स्थानकावर गोळा होते.

पहिले लक्ष्य अर्थातच नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा. फ्यूसेनपर्यंत दोन तास गाडी, पुढे बस, पुढे अर्ध्या तासाची खडी चढण, आणि पाचांच्याही पिशव्यांत पोळीऐवजी टॉर्टियात गुंडाळलेली बटाट्याची भाजी. आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, ही पाटी वाचताच त्याचा चेहरा उतरतो. कारण ज्याचे छायाचित्र नाही ते आपण पाहिले हे शाबीत कसे करावयाचे, असा पुराव्याच्या कायद्यातला पेच त्याच्यापुढे उभा राहतो. त्यामुळे अर्ध्या तासाच्या फेरीत प्रारंभी तो शरीराने आत आणि मनाने बाहेर असतो. परंतु दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ मध्ये हे बांधकाम आरंभले, खाजगी खजिना पुरेना म्हणून कोटीहून अधिक मार्कांचे कर्ज केले, सावकारांचा तगादा लागला तरी नव्या वाड्यांचे बेत सोडले नाहीत, आणि अखेर १८८६ मध्ये, मनोविकारतज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासणी न करताच दिलेल्या अहवालाच्या आधारे, मंत्र्यांनी त्याला वेडा ठरवून पदच्युत केले, अशी हकिकत मार्गदर्शिका सांगू लागते, तेव्हा आमचा नायक एकदम कान टवकारतो. कर्ज काढून स्वप्न उभारणे हे वेडाचे लक्षण असेल, तर आपला अख्खा वर्गच उद्या डॉक्टरच्या ताब्यात द्यावा लागेल! राजा पुढे थोड्याच दिवसांत श्टार्नबेर्गच्या सरोवरात मृतावस्थेत सापडला हे ऐकून तो मनातल्या मनात हप्त्याची तारीख आठवतो. मात्र राजाच्या निधनास दोन महिने उलटायच्या आतच हा वाडा तिकीट लावून लोकांस खुला झाला आणि आजतागायत गर्दी खेचतो आहे, हे कळताच त्याला केवढा धीर येतो! म्हणजे गुंतवणूक बुडाली नव्हती. परतावा मिळण्यास किंचित विलंब झाला, इतकेच. हा युक्तिवाद वडिलांपुढे कोणत्या शब्दांत मांडावा, याचा विचार करीत तो दरीवरच्या मारियन पुलावर येतो.

तेथे, पाठीमागे वाडा दिसेल अशा बेताने उभे राहून, तो घरी फोन लावतो. पडद्यावर अवघे कुटुंब दाटीवाटीने अवतरते.

"वारा किती सुटलाय रे तिथं! कानाला काहीतरी बांध आधी," आजी म्हणते.

"तिकीट किती पडलं?" बाबा.

"पाचांत विभागून विचारताय, की एकूण?"

"आणि ती मागे उभी आहे ती कोण?" आई.

त्याच्या धावपळीस हसणाऱ्यांनी हा संवाद ऐकावा. पंढरपूर आणि एकदा काशी यापलीकडे न गेलेली आजी, निवृत्तीपर्यंत रजा शिल्लक टाकीत आलेले वडील, आणि अल्बमातल्या प्रत्येक सहलीत डबा उघडताना दिसणारी आई, या सर्वांनी कर्जाच्या कागदांबरोबर एक अलिखित मुखत्यारपत्रही त्याच्या स्वाधीन केलेले असते. तो जे पाहतो ते त्यांच्या वतीने पाहतो, जे चढतो ते त्यांच्या गुडघ्यांच्या वतीने चढतो, आणि छायाचित्र म्हणजे कामगिरी बजावल्याचा दाखला होय. बागेतल्या हिरवळीवर पालथे पडून ऊन खाणे हा केवळ स्वतःपुरते आलेल्यांचा विलास आहे. कुलमुखत्याराला आळस करण्याचा अधिकार पोहोचत नाही.

शनिवारी रात्री आठाला बव्हेरियातील दुकाने कायद्याने बंद होतात, आणि आमची पंचायत आठ वाजून पाच मिनिटांनी दुकानासमोर हजर होते. रविवारी बाजारपेठ उघडतच नाही. म्हणून रविवारचा चहा कोरा.

परंतु रविवार हा संस्कृतीचा वार, कारण त्या दिवशी आल्टे पिनाकोटेक या चित्रसंग्रहालयाचे दार एका युरोत उघडते. इतक्या स्वल्प दरात एकही दालन सोडणे त्याला अपहार वाटतो. ड्यूररने १५०० साली रंगवलेल्या आत्मचित्रापुढे मात्र तो थबकतो. चित्रावर चित्रकाराचे वय अठ्ठावीस लिहिलेले असते, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी आपले किती हप्ते फिटलेले असतील, हा हिशेब त्या करारी डोळ्यांसमोर त्याला टाळता येत नाही. बाराला मारियनप्लाट्सवर नगरभवनाच्या मनोऱ्यातील घंटा वाजू लागतात आणि १५६८ च्या राजविवाहातील द्वंद्वयुद्ध बाहुल्या पुन्हा खेळतात. त्यात बव्हेरियाचाच वीर दररोज जिंकतो, तरीही शेकडो माणसे निकालाची उत्कंठेने वाट पाहतात.

सायंकाळी राष्ट्रीय रंगमंदिरात वाग्नरची संगीतिका. लुडविग राजाच्याच आश्रयाने १८६५ मध्ये येथे 'ट्रिस्टान उंड इझोल्डे'चा पहिला प्रयोग झाला, ही माहिती तक्त्यात असतेच. परंतु निर्णायक माहिती अशी की उभ्याने पाहावयाचे तिकीट सर्वांत स्वस्त असते. चार-पाच तास चालणाऱ्या त्या शोकगीतात दुसऱ्या अंकापासून तो कठड्यास टेकून, डोळे मिटून स्तब्ध असतो, आणि कल्याण लोकलमध्ये कमावलेले हे उभ्याने झोपण्याचे कसब शेजारची वृद्ध जर्मन बाई तल्लीनता समजून आदराने न्याहाळते.

सोमवारी सकाळी कचेरीच्या खुर्चीत अंग टाकल्यावर त्याला आठवड्यात प्रथमच विसावा मिळतो. शेजारच्या मेजावरचे पन्नाशीचे जर्मन गृहस्थ कुशल विचारतात, आणि तो सारा रोजनामा तपशिलवार निवेदन करून, शिष्टाचार म्हणून त्यांनाही विचारतो.

"काही नाही. सज्जात बसलो. बायकोने केक केला होता."

"आणि नॉयश्वानस्टाइन? पाहिला असेलच तुम्ही."

"जन्म इथलाच माझा, पण जायचं राहूनच गेलं बघ."

आमच्या नायकाला त्या गृहस्थांची अंतःकरणापासून कीव येते. येत्या शनिवारी साल्झबुर्गचा बेत असतो. सीमा ओलांडून तेथपर्यंतही बायर्न तिकीट चालते, आणि कोल्हापूरकराची परीक्षा निघाल्यामुळे एक जागा रिकामी झालेली असते. तो हळूच तक्ता उघडतो, पाचव्या नावाच्या जागी या गृहस्थांचे नाव घालतो, आणि शेऱ्याच्या रकान्यात नोंद करतो : 'दरडोई खर्च उतरतो, शिवाय बिचाऱ्यांनी काहीच पाहिलेले नाही.'