बिनपंक्चरची वारी

मराठी माणूस पंक्चर ‘काढतो’. वास्तविक ते बुजवायचं असतं. पण आपण कर्ज काढतो, वरात काढतो, एकमेकांची उणीदुणी काढतो, त्याच ओघात पंक्चरही काढतो. माझ्या मेव्हण्याला हे काढणंच मान्य नव्हतं. “दाजी, होऊच द्यायचं नाही,” तो म्हणाला. “पुणे ते पंढरपूर, पालखीच्या वाटेनं, सव्वादोनशे किलोमीटर, आणि पंक्चर शून्य!” कार्तिकीची गर्दी ओसरल्यावर आम्ही निघालो.

मेव्हण्याची सायकल चिलखत घातलेल्या सरदारासारखी दिसत होती. जाड टायर, आत काटे अडवणारी पट्टी आणि ट्यूबमध्ये दुधासारखं पांढरं सीलंट. भोक पडलं की हवेच्या दाबानं हे सीलंट भोकात शिरतं आणि तिथंच घट्ट होऊन बूच बसवतं. माझ्याकडे एक पंप, दोन जादा ट्यूबा आणि बायकोनं दिलेल्या दशम्या.

दिवे घाट चढताना मला बेलफास्टच्या डनलॉपसाहेबाची आठवण झाली. हा मूळचा गुराढोरांचा डॉक्टर. त्यानं मुलाच्या तीनचाकीला हवेचं टायर बसवलं आणि 1888 साली पेटंट घेतलं. त्याआधी टायर भरीव रबराचे असत. हाडं खिळखिळी व्हायची, पण पंक्चर कशाशी खातात ते कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे पंक्चर हा बुडाला मिळालेल्या सुखावरचा कर आहे आणि आम्ही दोघं तो चुकवायला निघालो होतो.

सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा. कर माफ. लोणंदच्या अलीकडे खड्ड्याच्या कडेवर माझं मागचं चाक दाणकन आपटलं आणि बसलं. ट्यूबला शेजारीशेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. मी खाली वाकून खिळा शोधू लागलो, तोवर मेव्हण्यानं टायरची बाजू वाचली. तिथं ‘किमान 40 पीएसआय’ असं कोरलं होतं. मी हवा अंगठ्यानं दाबून ठरवली होती, आंबा पिकलाय का बघतात तशी. हवा कमी असली की टायर रिमपर्यंत चेपतं आणि मधली ट्यूब अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी सापडते. मी मुकाट्यानं ट्यूब बदलली आणि पंप मारून मारून घामाघूम झालो.

फलटणच्या पुढे लिंबाची सावली बघून सायकली गवतात आडव्या टाकल्या आणि दशम्या सोडल्या. निघताना पाहतो तर मेव्हण्याच्या पुढच्या टायरला रुखवतातल्या लाडवावर मनुका खोचाव्यात तसे सराटे! सराटा कसाही पडो, एक काटा आभाळाकडे करूनच बसतो आणि पावसाळा सरला की वाळून दगड होतो.

“घाबरू नका, सीलंट आहे,” मेव्हणा म्हणाला आणि त्यानं एक सराटा उपटला. सुस्स. दुसरा उपटला. सुस्स. दूध काही येईना. पट्टीच्या कडेनं काटे बरोबर आत शिरले होते. ट्यूब काढून हलवली, तर आत खुळखुळा वाजला. सीलंट भरलं होतं गेल्या होळीला आणि सायकल अख्खा उन्हाळा गच्चीवर तापत उभी. त्याचे नुसते रबरी मणी उरले होते. दर दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा भरायचं असतं, हे मेव्हण्यानं मला याच प्रवासात दोनदा सांगितलं होतं.

माझी उरलेली ट्यूब त्याला दिली. पाच किलोमीटरवर माझंच मागचं चाक बसलं. ठिगळ लावलं. तीन किलोमीटरवर पुन्हा बसलं. शेवटी नातेपुत्याच्या अलीकडे सायकली ढकलत एका दुकानाशी पोचलो. दुकान म्हणजे झाडाला टांगलेलं एक टायर आणि खाली पाण्याचं घमेलं.

म्हाताऱ्या मिस्त्रीनं ट्यूब पाण्यात फिरवली. बुडबुड्यांची माळ उठली, तिथं बॉलपेननं फुली मारली. मला वाटलं, आता सोल्यूशन लावणार. पण त्यानं ट्यूब टायरवर धरली, नळी नळीच्या जागी आणली आणि फुली कुठं येते ते पाहिलं. मग टायरच्या आतून त्या जागेवर हळूहळू बोट फिरवलं, बाळाच्या हिरडीवरून दात आलाय का बघावं तसं. बोट थांबलं. पक्कडीनं त्यानं केसाएवढी तार ओढून काढली.

“ट्रकचं टायर फुटलं की ह्या तारा रस्त्याच्या कडंला पडत्यात,” तो म्हणाला. “तुमी खाट बदलताय, ढेकूण गोधडीतच हाय.”

मेव्हण्यानं डोळे मिटले. “दाजी, खरा काटा आतच असतो...”

“साठ रुपये,” मिस्त्री म्हणाला. निरूपण संपलं.

त्यानं आणखी दोन गोष्टी फुकट सांगितल्या. सायकल डांबराखाली उतरवायची तर उचलून न्यायची आणि चहाला थांबलं की टायरवरून नजर फिरवायची. पुढचे सगळे किलोमीटर मी सायकल कडेवर घेऊन चहा प्यायलो. वेळापूर गेलं, वाखरी गेली, एकही पंक्चर झालं नाही. कळस दिसला तेव्हा मेव्हण्यानं आधी टायर बघितलं, मग हात जोडले.

परत येताना सायकली डाळिंबाच्या टेम्पोत टाकल्या. इंदापूरच्या पुढे फट् असा आवाज झाला आणि टेम्पो कलंडल्यासारखा उभा राहिला. ड्रायव्हर शिव्या देत जॅक काढू लागला. मेव्हणा शांतपणे खाली उतरला, बाही सरसावली आणि विचारलं,

“आतून बोट फिरवलंत का?”